मागच्या चाकातली घरघर

जयवंताबाईंना यष्टी सोसत नव्हती. पिंपळगाव रेणुकाईहून भोकरदन येईपर्यंतच त्यांना मळमळायला लागायचं, आणि जायचं तर होतं थेट शहागडला, जिल्ह्याच्या या टोकाहून त्या टोकाला. तिथं दिलेली त्यांची धाकटी बहीण धुरपता, तिच्या नातीचं बारसं होतं. मुलगा सुग्रीव वाळूजला कंपनीत, त्याला सुट्टी मिळत नव्हती. मग एका सकाळी जयवंताबाई गोठ्यात सुनेजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"प्रेमला, तुझ्या गाडीवर मागं माणूस किती लांब जाऊ शकतं गं?"

प्रेमलाला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. सुग्रीव वाळूजला गेल्यापासून त्याची मोटारसायकल तिच्याच हातात होती. डेअरीला दूध घालायचं, ढेपेचं पोतं आणायचं, सगळं ती गाडीवर करायची. सासूबाई मात्र कधी तिच्यामागं बसल्या नव्हत्या. बाईमाणसानं गाडी हाकावी हे त्यांना पटलेलं नव्हतं. तसं त्या बोलून दाखवत नसत. नुसती गाडी सुरू झाली की तोंड फिरवून घरात जात.

"तुम्ही म्हणाल तितं नेते, आत्या," प्रेमला म्हणाली.

गाडीला ती फार जपायची. चेनला तेल, चाकात हवा, वेळच्या वेळी ऑईल. शिवाय दर आठवड्याला फवारणीचा पंप लावून जोराच्या पाण्यानं अशी धुवायची की गल्लीतली माणसं थांबून बघायची. निघायच्या आदल्या दिवशीही तिनं चाकांच्या मधोमध, जिथं चिखल धरून बसतो तिथं, नेम धरून धार मारली होती.

सकाळी थंडी होती. प्रेमलानं साडीवर नवऱ्याचा जाड शर्ट चढवला, डोक्याला रुमाल बांधला. सासूबाई एका बाजूला पाय सोडून बसतील असं तिला वाटलं होतं. पण जयवंताबाईंनी नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि सरळ दोन्हीकडं पाय टाकून बसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत भाकरी आणि बाळासाठी स्वतः शिवलेली कुंची.

राजूर मागं पडलं तेव्हा मागून आवाज आला, "खाली काहीतरी घरघर करून राह्यलं."

"रस्ता खराब हाये, आत्या."

पुढं चांगला रस्ता लागला. जयवंताबाई मागून परत म्हणाल्या, "रस्ता तर चांगला झाला. घरघर हायेच."

प्रेमलाला वाटलं, झालं सुरू. स्वयंपाकात मीठ, गोठ्यात शेण, आता गाडीत घरघर. जालन्याला चहा घेताना तिनं गाडीकडं एक नजर टाकली. उभ्या गाडीत काय कळणार? चकाचक दिसत होती. अंबड ओलांडल्यावर मात्र जयवंताबाईंनी तिच्या खांद्यावर हातच ठेवला.

"प्रेमला, ऐक. मधली खिळी झिजलेलं जातं कसं वाजतं? वरची तळी लटपटती, दगडावर दगड खातो. तसं वाजून राह्यलं. माझ्या बुडाखालीच हाये, मला कळत न्हाई व्हय?"

या वेळी प्रेमलानं क्लच दाबला. इंजिनाचा आवाज खाली बसला. पण घरघर तशीच राहिली, गाडी पळत होती तितक्या वेगानं. म्हणजे इंजिनात नाही, चाकात. पुढच्या वळणावर मागचा भाग असा हलला की जणू कोणी शेपटी धरून ओढली. तिनं हळूहळू वेग कमी केला आणि एका बाभळीखाली गाडी थांबवली.

दोघी उतरल्या. प्रेमलानं गाडी डबल स्टँडवर घेतली, मागचं चाक वरून-खालून धरून हलवलं. ते खडखड हललं, दुधाच्या दातासारखं. चाकाच्या मधल्या भागाला बोट लावलं आणि चटका बसला म्हणून मागं घेतलं.

"हळूहळू चल मंग," जयवंताबाई म्हणाल्या. "दुपारी पाळणा हाये. कुंची माझ्याकडं. माझ्याबगर पोरीला पाळण्यात कसं घालतील?"

प्रेमला क्षणभर अडखळली. इतक्या वर्षांत सासूबाईंनी तिच्याकडं पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि शहागड आता फार लांबही नव्हतं. हळू चालवत नेली असती तर कदाचित पोचल्याही असत्या. पण समोरून उसाची एक ट्रॉली दणदणत गेली, आणि तिच्या डोळ्यांपुढं तेच चाक जाम झालेलं उभं राहिलं.

"न्हाई, आत्या. चाक मधीच आडकलं आन मागून ट्रक आला तर? मी तुम्हाला बसवून नेणार न्हाई."

इतकं ठाम ती सासूशी कधी बोलली नव्हती. जयवंताबाईंनी तिच्याकडं पाहिलं, मग रस्त्याकडं. पिशवी गाडीच्या हँडलला अडकवली आणि मागं जाऊन कॅरिअरला हात लावला.

"मंग ढकल. उभं राहून काय व्हणार?"

मोसंबीच्या बागेत पाणी देणाऱ्या माणसानं सांगितलं, पुढच्या फाट्यावर फहीमचं दुकान आहे. दोघी घामानं भिजून तिथं पोचल्या.

फहीम चाळिशीचा, कमी बोलणारा. त्यानं चाक काढलं, लोखंडी सळई घालून हातोडीनं ठोकत बेअरिंग बाहेर काढलं आणि फडक्यावर ठेवलं. आतल्या गोळ्या तांबूस गंजलेल्या, एक तर फुटलेलीच. ग्रीसचा थेंब नाही.

"पाणी गेल्तं आत. ग्रीस पार धुऊन गेलं. नदीनाल्यातून काढली काय गाडी?"

"न्हाई."

त्यानं चमकणाऱ्या मडगार्डकडं पाहिलं. "पंपानं धुता का?"

"दर हप्त्याला." प्रेमलाचा आवाज एकदम बारीक झाला.

"धुवा की. पण चाकाच्या मधी धार मारू नका, फडक्यानं पुसा. बाजूच्या रबरी सीलातून पाणी आत शिरतं. आन लांब जायचं आसलं की आदल्या दिवशी चाक हातानं फिरवून, हलवून बघा. बराबर समजतं. बरं झालं थांबल्या. आजून थोडं गेल्या असत्या तर बेअरिंग बसतं ते चाकाचं हबच खाऊन टाकलं असतं."

प्रेमला खाली बघत राहिली. आता सासूबाई बोलणार, याची ती वाटच बघत होती. इतकं जपलं, इतकी मिरवली, आणि आपल्याच हातानं बिघडवली. जयवंताबाईंनी फडक्यावरचं जुनं बेअरिंग उचललं, कानाशी धरून फिरवलं. करकर आवाज आला. मग फहीमच्या हातातलं नवं मागून घेतलं आणि बोटावर फिरवलं. ते बिनआवाजी फिरत राहिलं. त्यांनी परत फिरवलं, आणि परत.

"आसं फिरायला पायजे," त्या म्हणाल्या. जुनं फडक्यावर ठेवून दिलं. बस, तेवढंच.

दोन्हीकडची बेअरिंगं बदलायची होती आणि सील अंबडहून यायचं होतं. फहीमची बायको कमरुन्निसा मागच्या घरातून पाणी घेऊन आली. दोघींनी पिशवीतल्या भाकरी सोडल्या, तिनं वर लोणचं दिलं. कुंचीची शिवण बघून ती तिथंच बसली आणि जयवंताबाईंशी टाक्यांबद्दल बोलू लागली. मध्येच फोन वाजला. धुरपता विचारत होती.

"पाळणा हलवून घ्या," जयवंताबाई म्हणाल्या. "पोरीला ताटकळत ठेवू नका. आम्ही येऊन राह्यलो सावकाश... न्हाई, यष्टीनं न्हाई. प्रेमलाच्या गाडीवर. चाक बिघडलं. मी म्हनले चल तशीच, तर ती थांबली. माझं ऐकलं असतं तर दोघी रस्त्यावर पडलो असतो बघ."

प्रेमला चाकाजवळ बसून होती. फहीमनं नवं बेअरिंग हबमध्ये बसवलं, चहूबाजूंनी हलकं हलकं ठोकत. तिनं मान वर केली नाही, पण सगळं ऐकलं.

शहागडला पोचल्या तेव्हा जेवणावळी उठत होत्या. अक्षता नाव ठेवलेलं बाळ पाळण्यात झोपलेलं. जयवंताबाईंनी त्याला न उठवता कुंची घातली. जरा सैल झाली. "वाढंल की," धुरपता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या वेळी प्रेमलानं गाडी स्टँडवर लावून मागचं चाक फिरवलं, हलवलं. पक्कं होतं. जयवंताबाई काष्टा आवळून मागं बसल्या आणि हायवेला लागताच म्हणाल्या, "इकडं न्हाई. आधी गंगेच्या पुलावर चल."

"पलीकडं काय काम हाये, आत्या?"

"काम कशाला पायजे? इतक्यांदा आले, पण गंगा कधी वलांडली न्हाई. धुरपताच्या घरी यायचं आन माघारी जायचं. नुसतं जाऊन येऊ."

प्रेमलानं गाडी वळवली. पुलावर वारा होता, खाली नदीचं पाणी पसरलेलं, काठाला कुणी म्हशी धूत होतं. बाजूनं ट्रक गेला की जयवंताबाई तिचा शर्ट घट्ट धरत आणि गेला की सोडत. पलीकडच्या टोकाला प्रेमला गाडी वळवू लागली, तर मागून आवाज आला,

"आजून जरा पुढं."