पानाची पालथी बाजू

जन्मभर मी पाठीवर बसून फुसफुसलो. आज खिळ्याला लटकून बोलतोय, आवाज बारीक येईल, तेव्हा जरा जवळ या. मी फवारणीचा पंप. पंधरा लिटरची निळी टाकी, दोन पट्टे, एक दांडा आणि पुढे लांब नळी. माझ्या खोक्यावर मला पाठीला लावून हसणाऱ्या माणसाचं चित्र होतं. तसं हसताना पुढे मी कुणालाच पाहिलं नाही, पण ते असो.

मला आणलं दादाने. हा भाजीचा मळा त्याचा आणि त्याच्या धाकट्या बहिणीचा. दादा दणकट आणि घाईचा, बहीण वाकवाकून बघणारी. पानावर काही वळवळलं की दादा मला पाठीवर घेई आणि संध्याकाळपर्यंत त्या पानावर काही वळवळत नसे. माझा तोरा काय सांगू! मळा माझ्याच जिवावर उभा आहे, असं मला खुशाल वाटायचं.

गेल्या वर्षी घेवड्यावर काळा मावा पडला, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे. हा घेवडा त्यांच्या आईचा. तिने तीस वर्षं त्याचं बी राखलं होतं. माव्याच्या गर्दीत काही काळपट, काटेरी अळ्या फिरत होत्या, अंगावर नारिंगी ठिपके, दिसायला महाभयंकर.

"ह्याच झाडं खातायत," दादा म्हणाला, आणि आम्ही दोघं तुटून पडलो. अळ्या मेल्या, मावाही मेला. बाराव्या दिवशी मावा परत आला, दुपटीने. पुन्हा फवारलं, पुन्हा आला. तिसऱ्या खेपेनंतर घेवडाच उरला नाही. त्या हिवाळ्यात आई गेली. तिच्या डब्यात बी राहिलं एक वाटीभर.

पण पहिल्या फवारणीआधी बहिणीने दोन अळ्या उचलून बरणीत ठेवल्या होत्या, माव्याने भरलेल्या डहाळीसकट, तोंडाला फडकं बांधून. बरणी माझ्या शेजारच्या फळीवर होती. मला दुसरं काम काय, मी बघत बसलो. त्या अळ्यांनी पानाला तोंडसुद्धा लावलं नाही. मावा मात्र चाटूनपुसून खाल्ला. मग त्या काचेला चिकटून गपगार झाल्या, आणि आठवड्याभराने कवच उकललं तर आतून निघाले लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे! तळहातावर घेऊन मुलं खेळतात ना, तेच. मला फार लाज वाटली. मावा दुपटीने का आला ते तेव्हा कळलं. त्याला खाणारं मी कुणी शिल्लकच ठेवलं नव्हतं.

यंदा वाटीतलं सगळं बी पेरलं. हे गेलं की आईचा घेवडा संपला, दुकानात तो मिळत नाही. फुलं धरली आणि शेंडे काळे पडायला लागले.

दादाने सकाळी माझ्यात पाणी भरलं. औषध तो नेहमी बांधावर जाऊन कालवतो.

"दादा, थांब ना. अळ्या यायला लागल्यात," बहीण आडवी आली. बरणीतलं तिने त्याला दाखवलं होतं, पण बरणी वेगळी आणि मळा वेगळा, असं त्याचं म्हणणं.

"किती आल्यात?"

"दहा झाडांत एक."

"एक! जेवायला आलीय की सहज डोकावून जाणार आहे?"

तरी त्याने मला खडीवर रिकामं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. दहा झाडांत तीन. तिसऱ्या दिवशी शेंडे मुडपले, माव्याच्या गोड चिकट्यावर मुंग्यांची रांग लागली. मावा सरळसरळ जिंकत होता.

"तुझ्या हौसेपायी आईचं बी जाणार," दादा म्हणाला.

"आणि गेल्या वर्षी कुणाच्या घाईपायी गेलं?"

चौथा दिवस नुसता ताटांच्या आवाजात गेला.

पाचव्या दिवशी दादाने मला पाठीवर घेतलं आणि बाटली खिशात घातली. माझं वॉशर तरी फाटावं असं मला वाटत होतं, पण मेलं नवंकोरं होतं. बांधावर त्याने बाटलीचं झाकण फिरवलं.

"आज मी नाही मोजणार," मागून बहीण म्हणाली. "तूच मोज. मग काय ते कर."

दादा चिडून वाकला. माझ्यातलं पाणी त्याच्या मानेशी डुचमळलं. त्याने एक पान उलटलं. आठ अळ्या. पुढच्या झाडावर अकरा. एकीने मावा तोंडात धरून उचलला होता आणि ती तो शांतपणे शोषत होती. तो किती तरी वेळ तसाच वाकून राहिला. पंधरा लिटरचं ओझं पाठीवर घेऊन.

"आणि मी ह्यांना..." एवढंच म्हणाला. मग झाकण घट्ट बसवलं.

"निदान नुसत्या पाण्याने शेंडे धुऊ का?" त्याने विचारलं.

"ह्या पंपाने नको," बहीण म्हणाली. "त्याच्यात जुनं औषध मुरलंय."

खरं होतं ते. तरी लागलं मला. पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडावंसं वाटलं होतं.

घेवडा वाचला. सगळा नाही, बांधाकडची एक ओळ गेली. पण बी तीन वाट्या झालं आणि दादाने ते आईच्याच डब्यात भरलं. आता तो सकाळी मळ्यात जातो तो रिकाम्या पाठीने, आणि गुडघे दुखेपर्यंत पानं उलटतो.

तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला खाली काढण्याआधी पानाची पालथी बाजू बघा. तिथे कोण जेवायला बसलंय आणि कोणाला खातंय, तेवढं विचारा, बाकी माझं मागणं नाही.

काल एक ढालकिडा खिडकीतून आत आला आणि माझ्या नळीवरून चालत चालत थेट तोंडापर्यंत पोचला. मला त्याची माफी मागायची होती. त्याने मिशा हलवल्या, वास घेतला आणि भुर्रकन उडून गेला.

बरं केलं त्याने.