दिसेनासं होणं हेच माझं काम

मी चकती बोलतेय. ताटाएवढी, चार फाकांची, दोन काळ्या, दोन पांढऱ्या. पाणी किती नितळ आहे ते मोजायला मला दोरीनं तळ्यात सोडतात. मी दिसेनाशी झाले की दोरीवरची खूण वाचायची, वर ओढताना पुन्हा दिसले की दुसरी, आणि दोन्हींची सरासरी काढायची. दिसेनासं होण्याचं काम आणखी कुणाच्या वाट्याला येत असेल का?

माझी मालकीण म्हणजे एक संशोधक बाई. नऊ वर्षं दर सोमवारी तिनं मला बुडवलं. आधी मी तीन मीटरपर्यंत दिसायचे, शेवटी जेमतेम सव्वा. ती शोधनिबंध लिहायची आणि तिच्यासारखेच चार जण ते वाचायचे.

एकदा नाव वल्हवणारे काका म्हणाले, "ताई, पाणी बिघडतंय हे तुम्हाला इतकी वर्षं ठाऊक होतं? अहो, आम्ही तेच पितोय! एकदा तोंड उघडायचं होतं की!"

महिन्याभरात राजीनामा देऊन ती रेडिओवर विज्ञान सांगायला निघाली.

"चांगलं संशोधन सोडून गप्पा मारायला चाललीस?" तिचे सर म्हणाले.

"गप्पा मारल्या नाहीत, तेच चुकलं, सर."

मी कपाटात गेले, मोडक्या तराजूशेजारी. शिपाईमामांच्या रेडिओवर तिचा आवाज येतो. काय छान सांगते! तिचं ऐकून लोकांनी आरडाओरडा केला आणि तळ्यात येणारं सांडपाणी बंद करायला लावलं. मला अभिमान वाटतो. पण खोटं कशाला बोलू, हे कपाट खायला उठतं.

परवा ती स्वतः आली. "सर, पाणी सुधारलं का, असं श्रोते विचारतात. यंदाचा आकडा द्या ना."

सर चष्मा पुसत राहिले. "तू गेल्यापासून मोजलंय कोणी?"

तिनं कपाट उघडलं, मला हातात घेतलं, पदरानं धूळ पुसली. तेवढ्यात फोन वाजला. कार्यक्रमाची वेळ झाली होती.

"आज सव्वा मीटरच सांगते," असं म्हणत तिनं मला खाली ठेवलं.

अगं बाई, तो आकडा तीन वर्षांपूर्वीचा आहे. पाणी निवळलं असेल, नाहीतर आणखी गढूळ झालं असेल. तुला ठाऊक नाही, मलाही नाही. कुणीतरी मला एकदा बुडवा.