लोखंडाचा भुगा आणि मूठभर राख

“तू जळून वापस येतं, मंग माझा दादा काहून येत नाही?”

हे हर्षितनं मला विचारलं. डब्याचं झाकण काढून, तोंड आत घालून. त्याच्या श्वासानं माझा वरचा थर हलला. आधी त्यानं हेच आईला विचारलं होतं, घाटावर लाकडं रचणाऱ्या माणसाला विचारलं होतं. आई चुलीकडे वळली, तो माणूस पुढचं लाकूड उचलायला गेला. मला तर तोंडच नाही.

मी लोखंडाचा भुगा. मैद्यासारखा बारीक, रंगानं राखाडी. चिमूटभर उचललात तरी जड लागेन. कन्हानच्या पुढं एका राइस मिलच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड आहे, तिथं माझं घर. भंगार वितळवून, त्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारून मला जन्माला घातलं. त्याआधी मी कुणाच्या खिडकीचा गज होतो की सायकलची चेन, ते आठवत नाही.

मी जळतो, हे लोकांना खरं वाटत नाही. पण दिवाळीतल्या फुलबाजीच्या ठिणग्या म्हणजे मीच. शेडमध्ये मला हवेच्या झोतानं भट्टीत फुंकतात आणि मी एकदम पेटतो. त्या आचेवर पाण्याची वाफ होते, ती मिलमध्ये जाते, तिथं कुहीकडचा धान उकडतो. धूर नाही, काजळी नाही. भट्टीच्या तळाशी उरतो तो तांबडा गंज. तोही मीच. मग दुसऱ्या भट्टीत मला हायड्रोजन देतात. गिळलेली हवा मी सोडून देतो, पाण्याची वाफ होऊन ती निघून जाते आणि मी पुन्हा राखाडी होतो. पुन्हा डब्यात. पुन्हा आगीत.

हे सगळं सुरू केलं मोहितनं. हर्षितचा मोठा भाऊ. चहाच्या टपरीवर लोक त्याची मजा घ्यायचे.

“कोळशाच्या गावात लोखंड जाळून राहिला हा! उद्या गोटे जाळशीन काय बे?”

“गोटे नाही काका, तुमची खटारा स्कूटर देऊन द्या. तीच जाळतो.”

शाळा सोडून उनाडणाऱ्या हर्षितला त्यानंच इथं आणलं. डबे उचलायचे, झाडायचं, सांडलेला मी गोळा करायला चुंबक फिरवायचा. दोघांच्या नखांत, शर्टाच्या शिवणीत मी भरलेला असायचो. घरी त्यांची आई पुष्पलताबाई बादलीत कपडे भिजवायची आणि पाणी लाल व्हायचं. “लेकरं धुवून राहिले का विटा, समजत नाही मले,” म्हणायची. तिच्या घरात मी असा रोज जायचो. कुणी मला पाहुणा म्हटलं नाही.

एका सकाळी भंडारा रोडवर ट्रकनं मोहितला उडवलं. तो कामावर येत होता.

राख सावडायला सगळे कन्हान नदीच्या घाटावर जमले तेव्हा मी हर्षितच्या नखांत होतो. म्हणून मला माहीत आहे. सगळे अस्थी वेचत होते. हर्षित वाकला, मूठभर राख त्यानं उचलली आणि गाडग्यात टाकल्यासारखं करून रुमालात बांधली. राख अजून कोमट होती. नखाखाली ती माझ्या अंगाला लागली. इतकी आग मी पाहिली आहे, पण त्या कोमटपणाची मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यानं ती राख माझ्या डब्यात ओतली. हातानं कालवली, आई भाकरीचं पीठ कालवते तशी. आणि मग तो प्रश्न विचारला.

त्यानंच डबा भट्टीला लावला. काचेच्या भोकाला डोळा लावून उभा राहिला. माझी आग नेहमी पांढरट असते. त्या दिवशी तिच्यात विटकरी रंगाची एक रेघ उठली. ती वाकली, सरळ झाली, पुन्हा वाकली. एखादा माणूस उभ्यानं सायकलचा पंप मारतो तशी. हर्षितनं काचेवर तळहात ठेवला आणि भाजल्यावरही काढला नाही.

आत मोहित माझ्याजवळच होता. मी पेटलो, फुटलो, तडतडलो. तो गप्प. आगीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला घेण्यासारखं त्याच्यापाशी काहीच उरलं नव्हतं.

मी गंज झालो, मग परत लोखंड झालो. तो पांढराच राहिला. हर्षितनं डबा उघडला तेव्हा माझ्या राखाडी अंगावर त्याचे पांढरे कण दिसत होते.

“दादा,” त्यानं हाक मारली. मग वाट पाहिली. मीही पाहिली. शेवटी त्यानं झाकण घट्ट लावून तो डबा बाजूला ठेवला.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर ओळीनं बसलेले. एकही खाली येईना. ऊन चढलं. पुष्पलताबाई हात जोडून म्हणाली, “काय राह्यलं गा बाप्पा तुझं? हर्षितले मी पाहीन. घरदार पाहीन. जेव आता.”

कावळे तिच्याकडे पाहत नव्हतेच. सगळे हर्षितकडे पाहत होते. मी त्याच्या नखांत होतो. ते माझ्याकडेच पाहत होते असं मला वाटलं.

“दर्भाचा कावळा करून शिववू,” भटजी म्हणाले. “किती थांबायचं?”

“नका करू!” हर्षित ओरडला. “दादा पुरा नाही गेला. मी ठेवला त्याले. आई, मी आणतो.”

कुणाला काही कळायच्या आत त्यानं कुणाची तरी गाडी काढली.

शेडमध्ये त्यानं मला स्टीलच्या परातीत ओतलं. लहानूकाका भट्टी सांभाळत होते.

“अबे, आज दहावा नं? इथं काय करून राहिला?”

हर्षितनं सांगितलं. काका आधी मागं सरकले. “येडा झाला काय बे! भावाले मसाल्यावानी कालवून ठेवलं?” मग परातीकडे पाहत राहिले. भिंतीवरचा मोठा चुंबक त्यांनी काढला, त्याला प्लास्टिकची पिशवी चढवली आणि हर्षितच्या हातात दिला. “हळू. श्वास रोखून.”

चुंबक आला की मला थांबता येत नाही. मी उभा राहतो, केसांसारखा, आणि धावत सुटतो. चुंबक पिशवीबाहेर ओढला की मी डब्यात पडतो. हर्षित तेच करत राहिला, पुन्हा पुन्हा. मी कमी होत गेलो आणि परातीत मोहित दिसू लागला. काकांनी पंखा बंद केला होता. दोघंही घामानं निथळत होते. शेवटी मुठीत मावेल एवढं पांढरं उरलं.

पण मी पुरता सुटलो नव्हतो. त्या आगीत माझे काही कण त्याला घट्ट चिकटले होते. चुंबक ओढत होता, तरी मी आलो नाही.

आता माझा मोठा भाग शेडमध्येच आहे, जळतो आणि परततो. भट्टी लहानूकाका चालवतात. हर्षित त्यानंतर तिथं आला नाही. आणि थोडासा मी इथं, नदीच्या तळाशी, ज्योत नसलेल्या आगीत हळूहळू गंजतो आहे. मला गाळून परत न्यायला कुणी येऊ नये. कावळा शिवला की नाही, मला माहीत नाही. तोवर मी पाण्याखाली गेलो होतो.

झालं ते असं. हर्षितनं ती राख रुमालात बांधून घाटावर परत आणली. पुष्पलताबाईनं रुमाल उघडून पाहिला. हर्षितच्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला. मग त्याच हातानं त्याचा हात धरून त्याला गुडघाभर पाण्यात नेलं. दोघांनी मिळून मूठ सोडली.

राख जाईना. प्रवाह होता, तरी ती हर्षितच्या पोटऱ्यांभोवती फिरत राहिली. तो एक पाऊल मागं सरला, तीही सरली.

“जा नं दादा,” तो म्हणाला. रडत होता. “जा नं.”

मोहितच्या प्रत्येक कणाला मी बिलगून होतो, आणि मी जड आहे. मी त्याला धरलं आणि खाली घेऊन गेलो.