बारा ओळींचा जबाब

गुरुवारी दुपारी सव्वातीन वाजता उकंडाचा जबाब बाराव्या ओळीवर तुटला.

कपाशीवर फवारताना विषबाधा झालेल्यांचे जबाब जिल्ह्याच्या समितीकडे पाठवायला तालुक्यात एक खोली उघडली होती. हाती लिहून घेतलेले जबाब टाइप करायला उर्वशी, सही करायला कारकून वामनराव. उकंडा रोजीनं फवारायचा. महिन्यापासून त्याच्या डोळ्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. त्याच्या वतीनं त्याची बायको कौसल्या एसटीनं आली होती, कारण समिती त्याच दिवशी पाचला जबाब घेणं बंद करणार होती.

"वाचून दाखवा बाई, मंग आंगठा मारतो," कौसल्या म्हणाली.

उर्वशीनं छापील कागद वाचला. "...सकाळी सातला पंप भरला. पंप गळत होता, हे मी..."

"अन् मंग?"

"इथवरच आहे."

"काहून? दुकानदारानं दोन औषधं एकात मिसळ म्हणलं, तोंडाले बांधाची गरज नाही म्हणलं, थे कुठी गेलं? माह्यासमोर सांगतलं त्यायनं!"

उर्वशीनं ते सगळं टाइप केलं होतं. मग नेहमीसारखी मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवरची आज्ञा दिली होती. त्या आज्ञेनं काळ्या पडद्यावरच्या एडिटरमधला मजकूर बाहेरच्या दोन प्रोग्रामांतून जायचा. पहिला ओळी बहात्तर अक्षरांच्या मापात बसवायचा, दुसरा पहिल्या बारा ओळी ठेवून बाकी फेकून द्यायचा.

तिनं दिलेली आज्ञा मागे घेतली. पूर्ण जबाब परत आला. पहिला प्रोग्राम एकटाच चालवला तेव्हा ओळी आखूड झाल्या. एकीतही पंचवीस अक्षरं नव्हती. तिनं कंपनीच्या प्रतिनिधीचा इंग्रजी जबाब उघडला. काठोकाठ ओळी, बाराच, आणि एक शब्द गळलेला नाही.

तिनं एकट्या 'क'ची मोजणी करून पाहिली. आकडा आला तीन. इंग्रजी अक्षराचा एक.

"सर, हे मराठीचं एक अक्षर तीन धरतंय."

वामनरावांनी चष्मा वर केला. "बारा ओळी सगळ्याइले सारख्या हायेत, उर्वशी. कंपनीवाल्यानं बसवलं न बारात?"

"त्याच्या बारा ओळींत आठशे अक्षरं मावली. उकंडाभाऊंच्या बारांत पावणेतीनशे."

कौसल्या उठून टेबलाशी आली. "कापसाच्या काट्यावर आमचा माल कमी भरते, अन् इथं आमचं बोलनं तिप्पट भरलं! एकाच मिस्तरीनं बशिवले काय हो साहेब, दोन्ही काटे?"

उर्वशीनं बहात्तरच्या जागी दोनशे सोळा लिहिलं. जबाब दहा ओळींत बसला, दुकानदारासकट. चार वाजून पाच मिनिटांनी कौसल्यानं अंगठा दिला आणि जबाब गेला.

मग उर्वशीनं आधीचे जबाब उघडले. मराठी एक्केचाळीस. सगळे तुटलेले. एक 'मालकाने सांगितले की' इथं, एक 'दवाखान्यात नेले तेव्हा' इथं. तुटलेलेच जतन झाले होते, आणि ते करणारं बोट तिचंच होतं. एकदाही तिनं कुणाला वाचून दाखवलं नव्हतं.

"हाती लिहिलेले कागद कुठे आहेत, सर?"

"गठ्ठा परवाच जिल्ह्याले गेला."

"मग कळवा, एक्केचाळीस जबाब अर्धे आहेत, मूळ कागद वाचा."

"म्हंजे माह्या सहीनं अर्धे गेले, हे माह्याच सहीनं लिहून देऊ?"

"हो."

"अन् नाही देलं तं?"

"देत नाही कसे?" कौसल्या म्हणाली. "मी बसतो इथंच. माही एसटी साडेपाचले हाय."

उर्वशीनं पत्र टाइप केलं, छापलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. पाचला चार मिनिटं असताना वामनरावांनी सही केली. पत्र गेलं.

शनिवारी जिल्ह्याहून पोच आली. त्रेचाळीस जबाब मिळाले, कंपनीचा एक धरून. पत्राचा उल्लेख नव्हता.