प्रायव्हेट नंबर

मितालीला सकाळपासून काहीतरी टोचत होतं आणि काय टोचतंय ते काही केल्या सापडत नव्हतं. चपलेत खडा गेला तर माणूस निदान चप्पल तरी झटकतं. इथे झटकायचं काय, हाच प्रश्न होता.

तसा दिवस तिच्या कौतुकाचा होता. जयपूरच्या गोपालपुरा बायपासवर, एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर तिची बारा जणांची कंपनी. क्रिप्टोचं वॉलेट बनवणारी, तेही साध्यासुध्या माणसांसाठी. कंपनीचा मालक निहार मूळचा पुण्याचा, पण सगळं शिक्षण जयपूरमध्ये झालेला. ज्याला पेन्शनचं पासबुक कळतं त्याला आपलं वॉलेट कळलं पाहिजे, हे त्याचं आवडतं वाक्य. ते तो इतक्या वेळा म्हणायचा की खालच्या चहावाल्यालाही पाठ झालं होतं.

वाक्य सोपं होतं, पण घोडं कायम एकाच जागी अडायचं. वॉलेट उघडलं की ॲप बारा इंग्रजी शब्द देतं. ते कागदावर उतरवून जपून ठेवायचे. फोन हरवला, फुटला तर त्या शब्दांवरून वॉलेट परत मिळतं, आणि तेच शब्द दुसऱ्याच्या हाती लागले तर वॉलेट त्याचं होतं. मध्ये बँक नाही, मॅनेजर नाही, रडायला खिडकी नाही. एवढं ऐकलं की दहांतली सात माणसं राम राम म्हणून ॲप काढून टाकायची.

मग मितालीने शक्कल लढवली. ॲप आधी विचारतं, तुम्ही काय काम करता? आणि मग त्या माणसाच्या कामातलाच दाखला देऊन ते बारा शब्द समजावतं. शिक्षकाला सांगायचं की ही प्रश्नपत्रिकेची सीलबंद पाकिटं समजा. सोनाराला सांगायचं, ही तिजोरीची किल्ली. आणि रेल्वेवाल्याला सांगायचं, हा तुमचा प्रायव्हेट नंबर. त्यानंतर सातांवरून गळती दोनांवर आली आणि निहारने तिला सगळ्यांदेखत मिठाई भरवली.

रेल्वेचा दाखला तिला दशरथकाकांमुळे सुचला होता. दशरथकाका म्हणजे तिच्या जुन्या रूममेटचे, अक्षदाचे वडील. मूळचे अकोल्याकडचे. एकतीस वर्षं रेल्वेत गेटमन, शेवटची बावीस जयपूरच्या आसपासच्या फाटकांवर. अक्षदा नोकरीला जर्मनीत गेली तेव्हा मितालीला म्हणाली होती, "माझ्या पप्पांना घे तुझ्या टेस्टला. त्यांना समजलं तर जगाला समजेल." मिताली मुरलीपुऱ्यात त्यांच्या घरी गेली आणि काकांनी तिला चहाबरोबर फाटकाची सगळी विद्या शिकवली. गेटमनजवळ प्रायव्हेट नंबरांचा, म्हणजे गुप्त आकड्यांचा, एक कागद असतो, तो कुलपात ठेवायचा, जीव गेला तरी हरवायचा नाही. ऐकताना मितालीचे डोळे चमकले. कुलपातला गुप्त कागद. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि जे हवं असतं ते मिळालं की माणूस पुढचं ऐकायचं थांबतं.

काकांनी ॲप वापरायला घेतलं, ते टेस्ट संपल्यावरही सोडलं नाही. बँकेतून पैसे यायला वेळ लागतो म्हणून अक्षदा त्यातूनच पाठवू लागली. दोन वर्षांची तिची सगळी बचत आता त्या वॉलेटमध्ये होती, कारण ज्या घरात काका-काकू भाड्याने राहत होते तेच घर विकत घ्यायचं ठरलं होतं. येत्या सोमवारी इसार द्यायचा होता. जन्मभर रेल्वेच्या क्वार्टरांत काढल्यावर पहिलं स्वतःचं घर. "तोवर पैसे वॉलेटमध्येच राहू द्या काका, तिथेच सुरक्षित आहेत," असं सांगणारी मितालीच होती.

आणि आज चार वाजता गुंतवणूकदारांसमोर ते सगळं दाखवायचं होतं. सकाळी निहारने सगळ्यांना गोळा करून काकांची पंधरा सेकंदांची क्लिप लावली. मागच्या महिन्यात मिताली कऱ्हाडला घरी गेली होती तेव्हा त्याने स्वतःच ती काढली होती. पडद्यावर काका ताठ बसलेले. निहारचा आवाज विचारतो, "काका, ये बारा शब्द मतलब काय?" काका म्हणतात, "प्रायव्हेट नंबर. कुलपात ठेवाचा. समजलं." क्लिप संपली. टाळ्या पडल्या.

मिताली जागेवर येऊन बसली, उठली, पाणी प्यायली, परत बसली. खडा तिथेच होता. मग तिच्या लक्षात आलं. क्लिप संपताना शेवटच्या क्षणी काकांचं तोंड उघडं होतं. ते पुढे काहीतरी बोलणार होते आणि निहारने तिथे कात्री लावली होती.

तिने पूर्ण रेकॉर्डिंग शोधलं आणि हेडफोन लावले.

"समजलं," काका म्हणत होते. "समोरून फोन आला, त्यानं मांगला की द्याचा. अन् त्याच्याकून वापस म्हणून घ्यायचा. जोवर तो बरोबर म्हणत नाई तोवर आपली जिम्मेदारी."

तिने हेडफोन काढले आणि मग ते सगळं तिला एकदम आठवलं, चहाच्या कपासकट. स्टेशन मास्तर फोन करतो की गाडी सुटतेय. गेटमन फाटक बंद करतो आणि कागदावरचा पुढचा नंबर त्याला फोनवर सांगतो. तो नंबर मिळाल्याशिवाय गाडीला सिग्नल नाही. प्रायव्हेट नंबर जपून ठेवायचा असतो तो सांगण्यासाठीच. मागितल्यावर न सांगणारा गेटमन गाडी अडवतो, त्याला मेमो मिळतो. काकांनी एकतीस वर्षं फोनवर मागणाऱ्याला नंबर दिला होता आणि एकदाही चुकले नव्हते.

गेल्या आठवड्यापासून कस्टमर केअरच्या नावाने खोटे फोन येत असल्याच्या तक्रारी कंपनीत जमत होत्या. तिनेच त्यांची यादी निहारला पाठवली होती.

अकरा वाजून अडतीस मिनिटांनी तिने काकांना फोन लावला. बिझी. परत लावला. बिझी. व्हॉट्सॲपवर लिहिलं, "काका, ते बारा शब्द कोणालाही सांगू नका, मी येतेय." मेसेज पोचला, पण वाचला गेला नाही. प्रभावतीकाकूंकडे वेगळा फोन नव्हता. एका घरात एक फोन पुरे, असं काकांचं मत होतं.

"कहाँ चाललीस?" निहारने दारातच विचारलं. "चार वाजता कॉल आहे ना."

"काकांकडे. तू क्लिप पूर्ण ऐकली होतीस का रे?"

"ऐकली ना. मतलब, शेवटचं काहीतरी रेल्वेचं होतं, ते काटलं."

ती जिना उतरली. त्याच्यावर ओरडून तरी काय उपयोग होता? त्याने शेवटचे काही सेकंद कापले होते, तिने तर समोर बसून ऐकलेलं अर्धं कापलं होतं.

कॅब मिळाली, पण जयपूरच्या रस्त्यांना तिच्या घाईशी देणंघेणं नव्हतं. वाटेत सोडाल्याला गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. मिताली दर मिनिटाला फोन लावत होती. बिझी. मग रिंग वाजली, पण कोणी उचलला नाही. मग परत बिझी. अक्षदाला लिहावं का? काय लिहावं? अजून काही झालंच नसेल तर उगाच तिकडे जीव टांगणीला. आणि झालं असेल तर? तिने लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. कॅबवाले भैया आरशातून बघत होते. "मैडम, कोई बीमार है क्या?" त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली आणि खिडकी खाली-वर करत राहिली. खरं म्हणजे तिला उतरून पळत जावंसं वाटत होतं, आणि पळून पोचण्यासारखं मुरलीपुरा काही जवळ नव्हतं.

ती पोचली तेव्हा दार उघडंच होतं. काका पलंगावर बसून पत्र्याच्या पेटीला कुलूप लावत होते.

"जय भीम, ये पोरी," काका म्हणाले. "आता तुझ्याच हापिसाचं काम करून राहिलो होतो."

मितालीने दारातूनच विचारलं, "कोणाचा फोन होता काका?"

"कस्टमर केअरचा. अक्षदाचे पैसे रस्त्यात अडकले होते म्हणे. लाइन क्लिअर कराची होती." काकांनी किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली आणि वर सेफ्टी पिन लावली. "त्यायनं नंबर मांगला, मी पेटी उघडली, दिला. पण पोरगा कच्चा होता. दोनदा चुकला. आठवा शब्द त्यानं उलटाच लिहिला. मी म्हटलं, असं चालत नाई, परत म्हण. बारा शब्द बरोबर म्हणून घेतले तवाच फोन ठेवला."

शेजारी प्रभावतीकाकू भाजी निवडत होत्या. त्या हसल्या. "त्याले म्हणे, रेल्वेत असता तर सस्पेंड झाला असता."

"काका, फोन द्या. लवकर. ॲप उघडायचंय."

काकांना तिचा आवाज आवडला नाही, पण त्यांनी फोन काढला. अंगठा लावला. एकतीस वर्षं फाटकाचं चाक फिरवून गुळगुळीत झालेला अंगठा, तो फोनने ओळखला नाही. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला.

"पिन सांगा, मी टाकते."

काकांनी फोन छातीशी धरला. "पिन नाई सांगत कोणाले. बँकवाल्यायनं सांगतलं हाये. सख्ख्या पोरालेही सांगाचा नाई."

आणि ते उठले, भिंतीकडे तोंड केलं, आणि हाताचा आडोसा धरून एकेक आकडा दाबू लागले.

मिताली त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिली. बँकेने एक ओळ सांगितली होती. कुठला दाखला नाही, चित्र नाही, शिक्षकाचं वेगळं नि सोनाराचं वेगळं नाही. कोणालाही सांगू नका, बस. ती ओळ काकांनी तिच्यासमोरसुद्धा पाळली होती. आणि तिने आठ महिने डोकं खपवून त्यांना जे शिकवलं, तेही त्यांनी तितक्याच इमानाने पाळलं होतं. तिला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

ॲप उघडलं. काकांनी फोन पुढे केला. शिल्लक शून्य. खाली आजची एकच नोंद, अकरा वाजून बावन्न मिनिटांची. तेव्हा ती सोडाल्याला होती.

तिने सांगितलं. कसं सांगितलं ते तिला नंतर आठवलं नाही. काका पलंगावर बसले. काकूंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. मितालीने सायबर हेल्पलाइनला फोन केला, काकांच्या नावाने तक्रार नोंदवली, पैसे ज्या वॉलेटच्या पत्त्यावर गेले तो पत्ता लिहून दिला. तिकडचा माणूस भला होता, प्रयत्न करतो म्हणाला. पण ते वॉलेट जगात कुणाचंही असू शकतं आणि तिथून पैसे परत येणं किती कठीण असतं, हे त्याच्यापेक्षा तिला जास्त माहीत होतं. ते ती काका-काकूंपासून लपवू शकली नाही.

तेवढ्यात निहारचा फोन आला. "क्या हुआ? काका ठीक आहेत ना?"

"शब्द देऊन टाकले त्यांनी. सगळं गेलं."

"पण त्यांना तर समजलं होतं," निहार म्हणाला. "सगळ्यात चांगलं त्यांनाच समजलं होतं."

"समजलंच होतं. मी जे सांगितलं तेच समजलं होतं. तो दाखला आत्ताच्या आत्ता ॲपमधून काढ. आणि चारला क्लिप दाखवायची असेल तर पूर्ण दाखव, नाहीतर दाखवू नकोस."

तिने फोन ठेवला. काका तिच्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "मतलब, मी नियमात कुठं चुकलो नाई?"

"नाही काका. तुम्ही कुठेच नाही चुकलात."

"नंबर बरोबर दिला. वापस म्हणून घेतला."

"हो."

काकांनी मान हलवली. एकतीस वर्षांत एक मेमो नव्हता, आणि आजही नाही, एवढं त्यांच्यापुरतं ठरलं. ते काकूंकडे वळले. "ऐकलं काय? मी चुकलो नाई."

प्रभावतीकाकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. त्या खोलीकडे, पेटीकडे, सोमवारी आपल्या होणार होत्या त्या भिंतींकडे बघत होत्या.

"मंग घर कोनं घालवलं?" त्यांनी विचारलं.

काकांचा हात सदऱ्याच्या खिशातल्या किल्लीकडे गेला.

"मी," मिताली म्हणाली, आणि काकूंनी तिच्याकडे पाहीपर्यंत तिथेच उभी राहिली.