जवाईबापूंची पाटवडी

सचिन भाऊजींना वांगं चालत नाही. कांदा चालतो, पण दिसलेला चालत नाही. जिरं दाताखाली आलेलं चालत नाही, मटार तर मुळीच नाही, आणि मक्याचे दाणे पाहिले की त्यांना म्हणे गुरांची गव्हाण आठवते. आता पुलगावजवळच्या नाचणगावच्या माणसाला, जिथं घरोघरी वांगं शिजतं, वांगं चालत नाही, हे काय बोलणं झालं? पण जवाई म्हटला की कोण विचारतो!

हे सगळं रुचिकाला तोंडपाठ होतं, कारण सपनाताई माहेरी यायची ती आदल्या दिवशी फोन करूनच.

"आई, उद्या येऊन राह्यलो आम्ही. तुह्या जवायाले वांगं नाई चालत बरं. अन् पाटवडी करजो. तिच्याशिवाय त्यायचं जेवण होत नाई."

मग नालवाडीच्या त्या छोट्या घरात एकच धावपळ. आई बेसन चाळायला घ्यायची. बाबा, म्हणजे किराणा दुकानवाले बंडूजी, दुकानातून खसखशीची पुडी आणून द्यायचे आणि म्हणायचे, "जवाई हाय का कलेक्टर?"

एवढं करून जवाईबापू काय करायचे? दोन वड्या कशाबशा खायचे आणि बाकीच्या पानात टाकून उठायचे. आई आत येऊन पुटपुटायची, "मागून घ्याचं अन् टाकून द्याचं! कोणते हे नखरे, बाप्पा!" ताई काहीच बोलायची नाही. भाऊजींच्याच ताटात जेवायला बसायची आणि सगळ्यात आधी त्या वड्या संपवायची. लेकीला उष्टं खावं लागतं म्हणून आईला वाईट वाटायचं.

ती ताई मागच्या पावसाळ्यात गेली. साधा ताप, साधा ताप म्हणता म्हणता डेंग्यू निघाला.

तेव्हापासून या घरात तिचं नाव कोणी घेत नाही. आईने तिचा फोटो कपाटात साड्यांच्या खाली ठेवलाय, हार घातलेला पाहवत नाही म्हणे. रुचिकासारखी चोवीस तास बडबडणारी पोरगी, पण एकदा जेवताना तिच्या तोंडून सहज "ताई असती तर" निघालं आणि आईबाबा दोघांचाही घास हातातच राहिला. तेव्हापासून तीही गप्प. ताईबद्दल बोलायला उरलं होतं एकच माणूस, भाऊजी. त्यांचा फोन यायचा आणि दोघं ताईच्या गोष्टी सांगत बसायचे. पण हल्ली ते फोनही विरळ झाले होते. त्यांची आई त्यांच्यासाठी पोरी पाहतेय, असं पुलगावहून कानावर आलं होतं. त्यात वाईट काहीच नव्हतं, रुचिकाला ते कळत होतं. पण भाऊजी यायचेच थांबले, तर ताईबद्दल बोलायचं कुणाशी?

आणि नेमका यंदा अधिक महिना आला. लेक-जावयाला घरी बोलवायचं, जेवू घालायचं, अनारशांचं वाण द्यायचं. शेजारची काकू म्हणाली, "पोरगीच नाई तं जवाई कायचा?"

रुचिकाने यंदा शाळेत वादविवाद स्पर्धेत पहिला नंबर काढला होता आणि तेव्हापासून ती कुणाला भीत नव्हती. ती म्हणाली, "काकू, ताई गेली. भाऊजी हायेत न अजून."

आई हातातलं काम ठेवून उठली. "लाव फोन त्यायले," म्हणाली.

भाऊजी "येतो" म्हणाले. झालं! रुचिकाने कंबर कसली. भाऊजींना असं जेवण मिळालं पाहिजे, की पुन्हा यावंसं वाटलंच पाहिजे.

"आई, आधी स्टार्टर द्यायचं."

"ते काय असते?"

"जेवणाच्या आधी खातात ते."

"मग जेवाचं काऊन?"

रुचिकाने कपाळावर हात मारला आणि मोबाईल काढला. सोपं पाहिजे, कारण करणार ती स्वतः. झोकदार पाहिजे, कारण खाणारे भाऊजी. एका व्हिडिओत बाई छातीठोकपणे सांगत होती, पाहुणे विचारतच राहतील कसं केलं! पण त्या हिरव्या कबाबात मटार. दुसऱ्यात मक्याचे दाणे. पनीर टिक्क्यात कांद्याचे हे एवढे चौकोन, अगदी दिसणारे. एकेक पदार्थ भाऊजींच्या नावाने बाद होत गेला. शेवटी ती ओरडली, "आई! पाटवडीच!"

आईचा पोळी लाटणारा हात थांबला. मग म्हणाली, "कर. बेसन टाकताना हात थांबू देऊ नको. गाठी होतात."

उन्हाळा असा, की स्वयंपाकघराची भिंतसुद्धा तव्यासारखी तापलेली. रुचिकाने फोडणी केली, पाण्याला उकळी आणली, जिरं आधीच वाटून घेतलं होतं. बेसन पडत होतं, उलथनं फिरत होतं, घाम नाकावरून ओघळत होता. वाफाळता गोळा तेल लावलेल्या ताटात उपडा केला तेव्हा आई पुढे आली आणि तळहाताला तेल लावून तिने तो थापून दिला.

"भाजते न, आई!"

"गरम असतानाच थापा लागते."

वरून खोबरं, खसखस, बारीक चिरलेला हिरवागार सांभार, म्हणजे कोथिंबीर. रुचिकाने शंकरपाळ्यासारख्या वड्या कापल्या, प्रत्येकीत एक टूथपिक खोचली आणि बशीच्या कडेने चटणीचे ठिपके दिले. काय दिसत होती बशी! मोठ्या हॉटेलातल्यासारखी.

संध्याकाळी भाऊजी बसने आले. वाळले होते. कूलरसमोर बसले, बाबांशी दुकानाचं बोलले, पावसाचं बोलले. रुचिकाने बशी पुढे ठेवली आणि निकालाच्या दिवशी उभं राहावं तशी समोर उभी राहिली.

भाऊजींनी बशीकडे पाहिलं. एक वडी घेतली. चावली, खूप वेळ चावली, वर घोटभर पाणी प्यायले. दुसरी घेतली. पुन्हा पाणी. ताप आलेलं पोर गोळी गिळतं ना, तसं.

"बेसन कच्चं राह्यलं काय, जवाईबापू?" आईने दारातून विचारलं.

"नाई, मामी. मस्त झाली." सासूला ते मामीच म्हणायचे.

"खोटं!" रुचिका म्हणाली. "सांगा न भाऊजी, काय चुकलं?"

भाऊजींनी हातातली टूथपिक बशीत ठेवली. हसले आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरले.

"काईच नाई चुकलं, रुचिका. मले पाटवडी आवडतच नाई. पह्यलेपासून नाई."

"मग ताई..."

"तिले आवडे. वांगं बी तीच नाई खाये. जिरं, मटार, मका, सारं तिचं. मले तं कायबी चालते. आमच्या घरी दिवसाआड वांगं असते अन् मी वाटीभर खातो." त्यांनी डोळे पुसले. "येताना बसमध्येच सांगे, आज तुमाले कांदा दिसलेला चालत नाई बरं. दोन वड्या खाजा, बाकी माह्यासाठी ठेवजा. मी म्हणो, सांग न तुह्या आईले सरळ. तं म्हणे, पोरीसाठी कोण वेगळं करते? जवायासाठी सारेच करतात."

आई दाराला टेकून खाली बसली.

"लहानपणी वांग्याले रडे ती," आई हळूच म्हणाली. "मी म्हणो, चूप खाय. सासरी कोण करून देईन तुले वेगळं?"

बाबांनी मान खाली घातली. "सपनी," एवढंच म्हणाले. किती महिन्यांनी त्या घरात ते नाव निघालं.

जेवणं झाली. आईने दिवा लावून अनारशांचं वाण दिलं, भाऊजी वाकून पाया पडले. आई म्हणाली, "आता येसान तं वांग्याची भाजी करून ठेवीन."

भाऊजी वाकलेले तसेच थांबले. "मामी, एक सांगाचं होतं. माह्यं जमलं. सेलूची पोरगी हाय. दिवाळीनंतर करतो म्हणतात." मग अडखळत, "त्या लोकायले वाटते, इकडचं येणंजाणं आता बंद करावं."

"बरं झालं, बाप्पा," आई म्हणाली. "सुखात राहा."

बाबा त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. रुचिका रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. एवढं ठरवून केलेलं स्टार्टर, आणि त्याला शेवटचं माणूसही धरून ठेवता आलं नाही.

बशीत चार वड्या तशाच होत्या. सवयीने ठेवलेल्या. आईने बशी मांडीवर घेतली आणि एक वडी तोंडात टाकली. मग दुसरी.

"रुचिका, तुले काय नाई आवडत गं?"

"कारलं."

"अन्?"

"दोडके."

"अन् तिले? अजून काय नाई आवडे तिले?"

रुचिकाने खूप आठवून पाहिलं. ताई काय खात नव्हती, हे तिला खरंच माहीत नव्हतं. तिला माहीत होतं ते सगळं भाऊजींच्या नावाने होतं. ज्याला ठाऊक होतं तो माणूस एव्हाना पुलगावच्या बसमध्ये बसला असेल.

ती उठली, मोबाईल घेऊन आली. नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि आईच्या समोर धरला. बराच वेळ घंटी वाजली. मग बसच्या इंजिनाचा आवाज आला आणि त्यातून भाऊजी, "हॅलो? रुचिका?"

"मी बोलून राह्यली," आई म्हणाली. "जवाईबापू, अजून काय काय नाई खाये ती?"

आई तिसरी वडी हातात धरून थांबली होती.

"मामी," भाऊजी म्हणाले, "साय. दुधावरची साय नाई चाले तिले. चहातली बी बोटानं काढून माह्या कपात टाके."

"साय," आई म्हणाली. "अन्?"