बुटक्यांच्या पहिल्या दोन ओळी

मी सहा वर्षांची होते तेव्हा शाळा सुटली की थेट मावशीच्या प्रयोगशाळेत. आई कामावरून येईपर्यंत मला सांभाळणार कोण? तिथली रोपं वाढवायची खोली म्हणजे माझं राज्य. जांभळा उजेड, ओल्या मातीचा वास, पंख्याची घरघर आणि मावशीचा पांढरा कोट. तो मी घातला की फरशी आपोआप पुसली जायची.

तिथे एक ट्रे होता, बुटक्यांचा. नाव माझंच. बाकीची रोपं वीतभर, ही जेमतेम चार बोटं.

"ही अशी का गं?"

"यांना स्वतःचं क जीवनसत्त्व पुरेसं बनवता येत नाही, साहेब." काम शून्य आणि चौकशा शंभर, म्हणून मी साहेब.

माझा जीव तुटला. घरी मला सर्दीवर रोज क जीवनसत्त्वाची नारिंगी गोळी मिळायची. चार दिवस मी ती खाल्लीच नाही. मावशीचा डोळा सूक्ष्मदर्शकाला चिकटलेला असताना फवाऱ्याच्या बाटलीत ती विरघळवायची आणि बुटक्यांवर फुसफुस. दोन ओळी झाल्या की बाटली रिकामी.

मग मावशीने त्या ट्रेवर बुरशी सोडली. बुटके आजाराला दाद देणार नाहीत, असं ती पैजेवर सांगायची. पण बरेच सडले. "माझंच डोकं फिरलं होतं," म्हणत तिने वही मिटली ती मिटलीच. मला वाटलं, माझं औषध कमी पडलं.

आता मी दहावीत आहे. परवा जीवशास्त्राच्या तासाला बाई म्हणाल्या की क जीवनसत्त्व कमी असलं की पेशींमध्ये ऑक्सिजनचा ताण वाढतो, आणि काही झाडं तोच ताण धोक्याची घंटा समजून रोगाशी लढायला आधीच कंबर कसून बसतात. हल्ली वर्गात माझा हात सारखा वर असतो. त्या दिवशी तो वर गेलाच नाही. घंटा कोणी बंद केली होती, ते मला कळलं होतं.

शाळा सुटल्यावर धावत प्रयोगशाळेत गेले. मावशी कपाटं आवरत होती. बुटक्यांच्या बियांचं पाकीट टाकायच्या खोक्यात पडलेलं, वही रद्दीत. मी एका दमात सगळं सांगून टाकलं आणि बोलणी खायला उभी राहिले.

तिने कपाटाचं दार लोटलं आणि माझ्याकडे वळली.

"किती गोळ्या?"

"चार. रोज एक."

"कुठल्या ओळींना?"

"पहिल्या दोन. दाराकडच्या."

तिने रद्दीतून वही ओढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि पानं उलटली. तिचं बोट एका ओळीवर थांबलं. मी वाकून वाचलं: 'सडलेली रोपं: ओळ एक, ओळ दोन. बाकी ठणठणीत. कारण कळत नाही.'

मावशीने खोक्यातलं पाकीट उचलून कोटाच्या खिशात टाकलं.

"उद्या शाळा सुटली की ये, साहेब," ती म्हणाली. "आणि येताना गोळ्या आण. नारिंगीच."